पावसाळी रस्ते आणि चाकांची पकड

बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. ही पट्टी तापवून लाल करावयाची, चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतून आवळून घ्यावयाची, हा प्रकार ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांनीं पाहिला असेल. धाव सैल झालेली गाडी घेऊन शहाणा शेतकरी घाटाच्या वाटेस लागत नसे. मग बैल कितीहि खंबीर असोत. आजच्या भाषणाचा विषय या धावेच्या आधुनिक वारसाचा, म्हणजे मोटारीच्या टायरचा आहे. त्यांतहि, चारी चाकांना इंजिनाची शक्ति मिळणाऱ्या लहान गाडीला पावसाळ्यासाठीं कोणते टायर घालावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी करणार आहें.

अशा गाड्या आपल्याकडे नव्या नाहींत. जीप गाड्या जोडण्याचा उद्योग मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं सुरू केला. १९८५ मध्यें मारुतीची जिप्सी आली आणि तिच्याच घराण्यांतील जिम्नी २०२३ मध्यें आपल्या बाजारांत उतरली. पूर्वीं ही वाहनें लष्कर, पोलीस आणि जंगलखातें यांच्याकडेच दिसत. आतां तीं पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतून सर्रास दिसतात. थंड देशांतील लोक अशी गाडी घेतात ती हिवाळ्यांतील बर्फासाठीं. आपल्याकडे बर्फाचें काम पाऊस करतो. पुणें शहरांत वर्षाकाठीं साधारण सातशें मिलिमीटर पाऊस पडतो. पण येथून दोन तासांच्या वाटेवर असलेल्या ताम्हिणी घाटांत तो कित्येक वर्षीं पांच हजारांचीहि मर्यादा ओलांडतो. म्हणजे एकाच दिवसांत आपण दोन निराळ्या हवामानांतून गाडी नेत असतों आणि टायर मात्र तेच असतात.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें एका प्रसंगामुळें. माझा भाचा डॉक्टर आहे. आठवड्यांतून दोन दिवस तो मुळशीच्या पलीकडील एका खेड्यांत रोगी तपासावयास जातो. शेवटचा दीड मैल कच्च्या रस्त्याचा, आणि आषाढ-श्रावणांत तो रस्ता निव्वळ चिखलाचा. म्हणून त्यानें चारी चाकांनीं ओढणारी एक लहान गाडी घेतली. ती घेतल्यावर पहिल्याच महिन्यांत तिचे मूळचे टायर काढून एका दुकानदाराच्या सल्ल्यानें त्यानें रुंद, मोठाल्या ठोकळ्यांचे, दिसावयास मोठे रांगडे असे टायर बसविले. गेल्या पावसाळ्यांत माणगांवाकडे एका कार्यास आम्ही निघालों होतों. भाचा गाडी चालवीत होता, शेजारीं त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आणि मागें मी. ताम्हिणी घाट उतरतांना एका वळणावर समोरून गाडी आली. भाच्यानें ब्रेक दाबला, चाक फिरविलें. परंतु गाडी वळली नाहीं. ती सरळ पुढें घसरत गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कठड्याच्या पलीकडे धुकें होतें. त्यामुळें दरी किती खोल आहे हें निदान दिसलें तरी नाहीं.

त्या रात्रीं भाच्यानें मला विचारलें, “मामा, चारी चाकें ओढत होतीं. मग गाडी घसरली कशी?”

मी म्हणालों, “अरे, तुला त्या वेळीं गाडी ओढावयाची होती कीं थांबवावयाची?”

श्रोतेहो, या विषयांतील मुख्य गोष्ट एवढीच आहे. इंजिनाची शक्ति चारी चाकांना वांटून दिली म्हणजे गाडी चिखलांतून निघते, ओला चढ चढते, एक चाक खड्ड्यांत फिरूं लागलें तरी बाकीचीं तिला ओढून काढतात. खालच्या गिअरमध्यें घाट उतरतांना इंजिनाचा रोधहि चारी चाकांना सारखा मिळतो, हा तिचा आणखी एक गुण. परंतु ब्रेक हे प्रत्येक मोटारीला चारी चाकांनाच असतात. ब्रेक दाबल्यावर किंवा वळण घेतांना या गाडीला शेजारच्या साध्या गाडीहून अधिक असें कांहींहि मिळत नाहीं. तेथें कामास येते ती केवळ रबराची रस्त्यावरील पकड. किंबहुना अशा गाडीचा धोका हाच कीं ती निसरड्या रस्त्यावरहि बेतालपणें वेग घेऊं शकते, आणि त्यामुळें रस्ता निसरडा आहे याचा चालवणाराला पत्ताच लागत नाहीं.

ही पकड किती जागेवर अवलंबून असते तें पहा. बाराशें किलोची गाडी धरली तर प्रत्येक चाकावर सुमारे तीनशें किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो असतो. तीनशेंला २.१ नें भागलें कीं सुमारे १४० चौरस सेंटिमीटर येतात. हा हिशेब ढोबळ असला तरी त्याचें तात्पर्य खरें आहे. आपल्या पंजाएवढीं चार ठिकाणें, आणि त्यांच्यावर सगळा संसार.

आतां कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणक ०.७ आणि ओल्यावर ०.४ असा धरूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर २० मीटरांत थांबेल, ओल्यावर तिला ३५ मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यांत गाडी १६-१७ मीटर पुढें गेलेली असते, ती निराळीच. परंतु वेग ४० वर आणला तर ओल्या रस्त्यावरील ३५ मीटरांचे १६ होतात. वेग एकतृतीयांशानें कमी झाला आणि अंतर निम्म्याहून कमी झालें, कारण हें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें.

आतां पाण्याचा विचार करूं. टायरवरील नक्षी ही शोभेची गोष्ट नव्हे. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर नक्षी नसलेलें रबरहि उत्तम पकडतें. शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशीं तसेच टायर वापरतात. खांचा हव्या असतात त्या चाकाखालचें पाणी वाट काढून बाहेर टाकण्यासाठीं. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशीं ६० किलोमीटरनें चालला आहे असें समजा. त्या एका टायरला दर सेकंदास जवळजवळ १० लिटर पाणी, म्हणजे एक चांगली घागर, बाजूस सारावी लागते. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर केली कीं हा आंकडा पावणेबारा लिटरांवर जातो. पाणी सारण्यास अवधि मिळाला नाहीं तर चाक पाण्यावर तरंगूं लागतें. सुकाणूं हलकें लागतें आणि गाडी आपली राहत नाहीं. म्हणून चिखलांतून आणि पाण्यांतून जाणाऱ्या हलक्या गाडीला फार रुंद टायर हें भूषण नसून ओझें आहे. अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद टायर त्यावर चढूं पाहतो.

हवेच्या दाबाचाहि यांत मोठा वांटा आहे. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांवरून अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधकांनीं १९६३ सालीं एक ठोकताळा प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें दाब ३० पौंड असेल तर चाक तरंगण्याचा वेग ताशीं सुमारे ९१ किलोमीटर येतो, आणि २० पौंड असेल तर तो सुमारे ७५ वर उतरतो. मोटारीच्या चाकास हे आंकडे तंतोतंत लागू पडणार नाहींत. झिजलेला टायर, खोल पाणी यांनीं ते पुष्कळ बदलतात. परंतु दाब कमी ठेवला म्हणजे पावसांत पकड वाढते, ही जी समजूत कित्येकांत आहे ती डांबरी रस्त्यापुरती उलटी आहे, एवढें यावरून स्पष्ट होतें. शेतांतील खोल चिखलांत दाब उतरवून चाक पसरतें करणें योग्य. पण पक्क्या रस्त्यास लागण्यापूर्वीं तो पुन्हां भरलाच पाहिजे.

एवढी पूर्वपीठिका ध्यानांत घेतली म्हणजे टायरची निवड अवघड राहत नाहीं. या गाड्यांसाठीं बाजारांत मुख्यतः तीन जाती मिळतात. पहिली एच. टी., म्हणजे पक्क्या रस्त्याचा टायर. याच्या खांचा बारीक आणि पुष्कळ असतात, आवाज कमी, आणि ओल्या डांबरावरील पकड चांगली. दुसरी ए. टी., म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीचा. याचे ठोकळे मोठे, खांचा रुंद, कडा भक्कम. दगडगोट्यांत आणि बेताच्या चिखलांत हा उपयोगी पडतो. तिसरी एम. टी., म्हणजे खास चिखलाचा. याचे ठोकळे फार मोठे आणि दूरदूर असतात, कारण मधली माती फेंकून देऊन चाकानें आपलें तोंड आपणच स्वच्छ करावें अशी योजना असते. आपल्या काळ्या मातीची ख्याति सर्वांस ठाऊक आहे. ती एकदां बारीक खांचांत भरली म्हणजे टायरचा गुळगुळीत लाडू होतो. तेथें एम. टी. ला तोड नाहीं. परंतु ओल्या डांबरावर अशा टायरचे थोडेच ठोकळे रस्त्यास टेकतात, त्यांत बारीक चिरा कमी असतात, आणि रबरहि बहुधा कठीण असतें. भाच्याच्या गाडीवर हेच टायर होते. शेवटच्या दीड मैलासाठीं घेतलेल्या टायरांनीं आधींच्या चाळीस मैलांत घात केला.

म्हणून माझा पहिला नियम असा, कीं टायर निवडावा तो आपण खरोखर ज्या रस्त्यानें जातों त्याकडे पाहून; ज्या रस्त्यानें जाण्याची हौस आहे त्याकडे पाहून नव्हे. महिनाभर एक वही ठेवा आणि डांबर किती, कच्चा रस्ता किती, हें मैलांत मांडा. बहुतेक पुणेकरांच्या वहींत दहांत नऊ भाग डांबर निघेल. त्यांनीं एच. टी. किंवा फार तर सौम्य नक्षीचा ए. टी. घ्यावा. आठवड्यांतून दोन-तीन वेळां खडीचा आणि चिखलाचा रस्ता असेल तर ए. टी. योग्य. रोजचें येणेंजाणें काळ्या रानांतूनच असेल तरच एम. टी., आणि मग डांबरावर वेग आवरण्याची शपथहि त्याबरोबर घ्यावी.

दुसरा नियम मापाचा. टायरच्या कुशीवर १९५/८० आर १५ असें कांहीं लिहिलेलें असतें. हें जिम्नीचें मूळ माप आहे. १९५ ही मिलिमीटरांत रुंदी, ८० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ८०, आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा आंतील लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. पुढें ९६ एस असें असेल तर ९६ ही भाराची संज्ञा असून तिचा अर्थ ७१० किलो, आणि एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. याच गाडीला २३५/७५ आर १५ घातला तर चाकाचा व्यास जवळजवळ शेंकडा सहानें वाढतो. परिणाम असा, कीं मीटर ६० दाखवितो तेव्हां गाडी ६३ च्या पुढें असते, आणि ब्रेकनें आवरावयाचें चाकहि जड झालेलें असतें. कारखान्यानें ठरविलेलें माप सोडण्यास सबळ कारण हवें. ऐट हें कारण नव्हे.

तिसरा नियम या गाड्यांच्या रचनेंतून निघतो. चारी टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले असावे. लहान गाड्यांपैकीं कित्येकींत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीमध्यें फरक सामावून घेणारी यंत्रणा नसते. दांडा ओढला कीं दोन्ही जोड्या एकमेकींस जखडल्या जातात. शाळेच्या कवायतींत रांग वळतांना बाहेरच्या मुलास लांब पावलें टाकावीं लागतात हें आपण पाहिलें आहे. गाडी वळतांना तसेंच पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षां अधिक अंतर चालावें लागतें. चिखलांत चाक थोडें घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो निघत नाहीं आणि ताण यंत्रावर पडतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर दांडा दोन चाकांवरच ठेवावा. चार टायर असमान असतील तर हाच ताण सरळ रस्त्यावरहि पडत राहतो. यासाठीं मागें टांगलेला पांचवा टायर त्याच मापाचा असल्यास त्यासहि पाळीपाळीनें चाकरीस लावावें, म्हणजे पांचहि एकदमच म्हातारे होतील.

आतां हिवाळ्यासंबंधीं दोन शब्द. थंड देशांत हिवाळी टायर निराळा असतो. तापमान सात अंश सेल्सियसच्या खालीं गेलें कीं साधें रबर ताठर होऊं लागतें; हिवाळी टायरचें रबर त्या थंडींतहि मऊ राहतें. त्याच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यांत हिमाची चांदणी अशी खूण असते. ती बर्फावरील परीक्षेनंतरच मिळते. नुसतीं एम आणि एस हीं अक्षरें म्हणजे निर्मात्याचें स्वतःचें म्हणणें. पुण्यांत आजवर नोंदलेलें नीचतम तापमान १.७ अंश, तें १९३५ च्या जानेवारींतील. आणि चैत्र-वैशाखांत येथें पारा चाळिसाला भिडतो. तेव्हां पुण्याच्या रोजच्या वापरास हिवाळी टायर नको. आपल्या उन्हांत तो भराभर झिजेल. मात्र भर हिवाळ्यांत लाहौल किंवा स्पितीकडे गाडी नेणारांनीं आपली गाडी चारी चाकांची आहे एवढ्यावर विसंबूं नये. चाकांना बांधण्याच्या सांखळ्या बरोबर घ्याव्या, त्या बांधण्याचा सराव घरच्या अंगणांत करावा, आणि रस्ता बंद असल्यास परत फिरण्यांत कमीपणा मानूं नये.

शेवटीं देखभाल. आपल्या कायद्याप्रमाणें मोटारीच्या टायरची खांच १.६ मिलिमीटरपेक्षां कमी खोल असतां कामा नये. ही कायद्याची शेवटची पायरी आहे; पावसाळ्यांत घाट उतरणारानें तीन मिलिमीटरांवरच टायर बदलावा असें माझें मत आहे. टायरचें वयहि पहावें. कुशीवर चार आंकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालांतील तेविसाव्या आठवड्याचा जन्म. पांचसहा वर्षें झालेल्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कठीण झालेलें असूं शकतें. तो जाणकारास दाखवावा. हवेचा दाब आठवड्यांतून एकदां, गाडी चालविण्यापूर्वीं, चाक थंड असतांना मोजावा. योग्य आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. आणि पहिल्या सरीच्या वेळीं विशेष जपावें, कारण उन्हाळाभर सांचलेलें तेल आणि धूळ त्या दिवशीं रस्त्यावर लोण्यासारखी पसरलेली असते.

भाच्यानें ते रांगडे टायर काढून मूळच्या मापाचे, सौम्य नक्षीचे ए. टी. बसविले. शेवटच्या दीड मैलांत गाडी आतां क्वचित् अडते; मग तो उतरून टायरमधील हवा थोडी कमी करतो आणि परतल्यावर छोट्या पंपानें ती पुन्हां भरतो. रोग्यांकडे पोंचण्यास त्यास दहा मिनिटें उशीर होतो. त्या वळणाशीं आलें कीं माझी बहीण अजून डोळे मिटून घेते, आणि भाचा कांहीं न बोलतां वेग तीसवर आणतो.

मृगाच्या आधींच्या एका सकाळीं आपणहि एवढें करावें. मुलाच्या दप्तरांतील फूटपट्टी आणि एक आगकाडी घ्यावी. काडी टायरच्या खांचेंत उभी धरून जेथवर ती आंत जाते तेथें नखानें खूण करावी आणि तेवढें अंतर पट्टीवर मोजावें. चारी चाकांवर, प्रत्येकीं तीन ठिकाणीं, आंतल्या कडेलाहि. या कामास दहा मिनिटें पुरतात, आणि मुलास बरोबर घेतल्यास त्याचा मिलिमीटरांचा धडाहि पक्का होतो.